दार बंद झालं की मोती रडतो

प्रश्न : डॉक्टर, आमचा मोती तीन वर्षांचा, देशी, रस्त्यावरून उचलून आणलेला. मी घरून काम करायचे तोवर अगदी शहाणा होता. आता माझंही ऑफिस सुरू झालं. साडेआठला कुलूप लागलं की त्याचा गळा सुरू होतो. दाराची चौकट कुरतडून टाकली, गादीवर शू केली. एरवी घरात थेंब सांडत नाही. परत आल्यावर हे त्याला दाखवून ओरडतो, तर कान पाडून कोपऱ्यात बसतो, म्हणजे चूक कळते ना? सोसायटीनं नोटीस दिली आहे. कुणी भुंकल्यावर शॉक देणारा पट्टा सुचवलाय, तर हे म्हणतात बाल्कनीत बांधून जाऊ. काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी त्या पाडलेल्या कानांचं बघू. २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी न्यूयॉर्कमध्ये १४ पाळीव कुत्र्यांवर हेच तपासलं. मालकानं मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला की नाही, याचा त्या 'अपराधी' चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. मालक रागावला की चेहरा पडायचा, आणि खाऊ न खाताच बोलणी खाणाऱ्यांचा तर जास्तच. मोतीला चौकट आठवत नाही, तुमचा चढलेला आवाज कळतो. संध्याकाळी ओरडा मिळाला की 'हे येतात तेव्हाही धोका असतो' एवढंच तो शिकतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी घाबरतो.

आता एक काम करा. जुना मोबाइल दाराकडे तोंड करून ठेवा, रेकॉर्डिंग लावा आणि निघा. पहिल्या अर्ध्या तासात तो येरझाऱ्या घालतोय, धापा टाकतोय, लाळ गळतेय, दारच खरवडतोय, तर ती एकटेपणाची भीती. तासभर छान झोपून मग लिफ्टच्या आवाजावर भुंकत असेल, तर कंटाळा किंवा राखण. दोन्हीचे उपाय वेगळे, म्हणून आधी बघा. तुमच्या पत्रावरून मला पहिलंच वाटतंय. चौकट आणि गादी दोन्ही तेच सांगतात. तरी लघवीची तपासणी करून घ्या, मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर बाकी सगळं फुकट जाईल.

भीती असेल तर ती कणाकणानं उतरवावी लागते. तुमच्या किल्ल्या वाजल्या, पर्स खांद्याला लागली, की त्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून दिवसातून अनेकदा किल्ल्या उचला आणि चहा प्यायला बसा. चप्पल घाला आणि भाजी निवडा. किल्ली वाजूनही तो मान वर करेनासा झाला की पुढे. दाराबाहेर जा, मनात पाच मोजा, आत या. तो अस्वस्थ होण्याच्या *आधी* परत यायचं, यातच सगळी मेख आहे. मग वेळ वाढवा, पण दर वेळी वाढवू नका. मधूनच छोटी फेरी असू द्या.

अवघड भाग असा की हे चालू असताना त्याला झेपतं त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. नाहीतर सकाळी शिकवलेलं दुपारी पुसलं जातं. म्हणून काही आठवडे आई, शेजारच्या काकू, पाळणाघर, आलटून पालटून सुटी, जे जमेल ते जमवा. जाताना पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये गोठवलेला द्या. चाटत बसला तर उत्तम. त्याला तोंडही लावलं नाही तर समजा, तुमची घाई झाली.

एवढ्यानं भागलं नाही तर फ्लूऑक्सेटिन, क्लोमिप्रामिनसारखी औषधं असतात. ती पशुवैद्यकानंच ठरवायची. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. घरातली माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका. (हसू नका, लोक देतात.)

शॉकचा पट्टा नको. घाबरलेल्या जिवाला वर वेदना. बाल्कनीत तर अजिबात नको. बांधलेलं घाबरं कुत्रं कठड्यावरून उडी मारतं आणि पट्ट्याला लटकतं.

राहिली सोसायटी. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण हा कागद चेअरमनच्या तोंडावर फेकू नका. भिंतीपलीकडे कुणाची रात्रपाळी असेल, त्याची झोप मोडतेय हे खरंच आहे. काय उपाय चाललाय ते स्वतः जाऊन सांगा.

प्रश्न : आमची सात वर्षांची लॅब्रॅडॉर गेल्या महिन्यापासून सोफ्यावरून उठवलं की गुरगुरते. नातू ताटलीजवळ गेला तरी तेच. जावई म्हणतो, उताणं पाडून धरा, म्हणजे मालक कोण ते कळेल.
— एक आजोबा, सातारा

उत्तर : सात वर्षं न गुरगुरलेली कुत्री अचानक गुरगुरते तेव्हा आधी दुखणं शोधा. लॅब्रॅडॉर म्हणजे खुबे, कोपरं, कान. उठवताना हात कुठे लागतो ते बघा आणि एक्स-रे काढा. तोवर तिला हातानं ढकलू नका, खाऊ दाखवून खाली बोलवा.

जावईबापूंचं शास्त्र जुनं आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची भांडणं नोंदवली, त्यातून 'कळपाचा म्होरक्या' ही कल्पना पसरली. ती लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची लढाई वगैरे काही नाही. दुखऱ्या कुत्रीला उताणं पाडलंत तर चावा खाल, आणि दोष तिचा नसेल.

गुरगुरणं बंद करू नका. ती सांगतेय, 'लांब राहा.' त्यासाठी मार मिळाला तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. ताटली वेगळ्या खोलीत, दार लावून. शिकवायचं मोठ्यांनी : ती खात असताना दुरून उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाका आणि निघून जा. माणूस जवळ आला की ताटातलं वाढतं, हे तिला पटलं पाहिजे. नातवावर हा प्रयोग कधीही नको. आणि दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. 'घरचीच आहे, लस दिलीय' म्हणून बसू नका. इंजेक्शनचं डॉक्टरांना ठरवू द्या.

प्रश्न : तीन महिन्यांचं पिल्लू हात, घोटे, साडीचा काठ, सगळ्याला चावतं. मोठेपणी चावरं होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो. तोंडात २८ दुधाचे दात आहेत, चौथ्या महिन्यापासून पडतील, सहा-सात महिन्यांत ४२ पक्के येतील. चावलं की खेळ थांबवा, हात काढून घ्या, ओला करून गोठवलेला फडक्याचा पीळ तोंडात द्या. थोबाडीत मारू नका. संध्याकाळी जास्त चेकाळत असेल तर ते थकलेलं असतं, झोपवा.

चावण्यापेक्षा मला दुसरीच घाई वाटते. नवी माणसं, आवाज, गर्दी बघून न भिण्याची सवय साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत सहज लागते, आणि तुमचं पिल्लू तिथवर आलंच आहे. कुकरची शिट्टी, रिक्षा, हेल्मेटवाला, काठीवाले आजोबा हे सगळं आत्ताच दाखवा. लशी पूर्ण झाल्या नसतील तर रस्त्यावर खाली सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा.