तान, छन आणि आपला चहा

प्रश्न असा आहे: "आमच्या टीममध्ये सिंगापूरचा एक टॅन आहे, तैपेईचा एक चेन आणि हाँगकाँगची एक चॅन. कोणीतरी सांगितलं की तिघांचं आडनाव एकच. म्हणजे टॅन आणि चॅन हे चेनचे अपभ्रंश समजायचे का? आणि मराठीत नेमकं काय लिहायचं?"

अपभ्रंश! या शब्दाला आता सक्तीची निवृत्ती द्यायला हवी. जो उच्चार आपल्या कानावर आधी पडला तो शुद्ध आणि नंतर पडला तो अपभ्रंश, असा सोयीस्कर कायदा आपण करून ठेवला आहे. ठाण्याचं इंग्रजांनी 'थाना' केलं, त्याला खुशाल भ्रष्ट म्हणा. पण पेइचिंग (आपलं बीजिंग) राजधानी आहे एवढ्यासाठी तिथला उच्चार आई, आणि बाकीच्या सगळ्या तिच्या बिघडलेल्या मुली? इथे तर उलटंच आहे. या घरातली थोरली तान (तुमचा टॅन) आहे. राजधानीची ती धाकटी, आणि जास्त बदललीय तीच.

अक्षर एकच आहे, तेवढं खरं. त्याचा शब्दशः अर्थ 'मांडणे' आणि 'जुना, मुरलेला' असा होतो, मुरवलेल्या व्हिनेगरच्या बाटलीवरही ते दिसतं. पण आडनावाला त्या अर्थाशी काही देणंघेणं नाही. आपल्याकडे गावावरून जसे चिपळूणकर नि सातारकर, तसं हे राज्यावरून पडलेलं आडनाव आहे. आजच्या हनान प्रांतात ह्वाययांग म्हणून गाव आहे, तिथे इ.स.पू. 11व्या शतकात चौ घराण्याच्या राजाने शुन या पुराणकालीन सम्राटाच्या एका वंशजाला छन (तुमचा चेन) नावाची जहागीर दिली. पुढे छू या दक्षिणेच्या बलाढ्य राज्याने ती गिळली, राज्य गेलं, नाव माणसांना चिकटलं. आज मुख्य भूमीवर हे पाचव्या क्रमांकाचं आडनाव आहे, तैवानात पहिल्या. झालं. हे कुठल्याही कोशात मिळेल.

कोशात सहसा न मिळणारी गोष्ट तुमच्यासमोर रोज सकाळी कपातून येते. चहा.

आपण 'चहा' म्हणतो, इंग्रज 'टी' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच चिनी शब्दापासून आले हे बहुतेकांना ठाऊक असतं. पोर्तुगीज मकावला बसले होते, त्यांना तिथला 'चा' मिळाला. खुष्कीच्या वाटेने इराणपर्यंत तोच 'चा' गेला. डचांनी मात्र माल घेतला फूच्येनच्या (नकाशावरचं फुजियान) व्यापाऱ्यांकडून, आणि त्यांच्या बोलीत चहाला म्हणतात 'ते'. त्या 'ते'चं पुढे युरोपात थे, टी वगैरे झालं. (मराठी चहातला 'ह' फारसीचा की पोर्तुगिजांच्या नंतरचा, यावर दोन तट आहेत. मी फारसीवाला. पण तो वाद आज नको.)

आता शेजारी आडनाव ठेवा. उत्तरेत चहा 'छा', आडनाव 'छन'. हाँगकाँगात चहा 'चा', आडनाव 'चन'. फूच्येनमध्ये चहा 'ते', आडनाव 'तान'. बघा, जिथे चहाचा 'च' तिथे आडनावाचा 'च', जिथे 'त' तिथे 'त'. सूरसुद्धा तिन्हीकडे दोघांचा सारखाच चढतो-उतरतो. जुन्या चिनी व्याकरणकारांनी हे दोन्ही शब्द आद्य व्यंजनाच्या एकाच खान्यात टाकले होते, म्हणून ते बाराशे-तेराशे वर्षं हातात हात घालून बदलत आले. तेव्हा टॅनला अपभ्रंश म्हणणाऱ्याने आधी 'टी'ला चहाचा अपभ्रंश म्हणून दाखवावं आणि मग लंडनला जाऊन तोंड दाखवावं.

तो खाना कुठला? इथे मराठी माणसाने कान टवकारावेत, कारण तो आपल्या ट-ठ-ड-ढचा खाना आहे. थांग काळात, म्हणजे 7व्या शतकाच्या आसपास, हे आडनाव 'डिन्'सारखं उच्चारलं जाई. छही नाही, तही नाही, चक्क मूर्धन्य ड. संस्कृत ग्रंथांतले टवर्गी वर्ण चिनी लिपीत उतरवायची वेळ आली तेव्हा बौद्ध भाषांतरकारांनी याच खान्यातली अक्षरं उचलली. 'ड'साठी तर चहाचंच अक्षर वापरलं जाई. त्याच्याही आधी तिथे 'त'च्या जातीचा उच्चार होता, त्यात रकारासारखं काहीतरी मिसळलं आणि जीभ मागे वळली. ओळखीचं वाटतंय ना? संस्कृत वर्त्म, प्राकृत वट्ट, मराठी वाट. रकाराने तकाराला मागे ओढून ट केलं. उत्तर चीनमध्ये गाडी पुढेही धावत राहिली आणि ड-ट घसरत छ झाला. फूच्येनची बोली मुख्य प्रवाहातून त्याआधीच फुटली होती, तिने 'त' सोडलाच नाही.

हा शोध माझा नाही. छ्येन ता-शिन (1728–1804) नावाच्या पंडिताने तो लावला. प्राचीन चिनीत हे मूर्धन्य वर्ण स्वतंत्र नव्हतेच, सगळे तवर्गातले होते, हे त्याने जुन्या ग्रंथांतल्या पाठभेदांवरून सिद्ध केलं. त्याचा एक पुरावा आपलंच आडनाव आहे. छन राज्याचा एक राजपुत्र इ.स.पू. 672 मध्ये जिवाच्या भीतीने छी राज्यात पळाला. त्याच्या वंशजांनी तिथे असे पाय पसरले की इ.स.पू. 386 मध्ये चौ राजाला त्यांनाच छीचे अधिपती म्हणून मान्यता द्यावी लागली. या घराण्याला इतिहासकार स्स-मा छ्येन 'थ्येन' म्हणतो. थ्येन म्हणजे शेत. मग टीकाकारांची रांग लागली: म्हणे त्याला थ्येन नावाची जहागीर मिळाली, म्हणे ओळख लपवायला त्याने नाव बदललं. अहो, नाव बदललं कुठे? त्या काळी छन आणि थ्येन जवळजवळ सारखेच ऐकू येत होते! आठव्या शतकातल्या एका भाष्यकाराने 'दोन्हींचा ध्वनी जवळचा' असं लिहूनही ठेवलं होतं, पण गोष्टीवेल्हाळ लोकांना जहागीर जास्त आवडली. आणि या घराण्याने इ.स.पू. 4थ्या शतकात ओतलेल्या काशाच्या भांड्यांवर आपलं नाव काय कोरलंय? छन. खाली 'माती'चं चिन्ह जोडून, पण छनच. आता ध्वनिशास्त्रवाले म्हणतात की त्याच्याही मागे गेलं तर सुरुवातीला 'ल'सारखं काही होतं. असेल. माझा मुद्दा त्याने बिघडत नाही.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. शाळेच्या पुस्तकातले ह्युएन त्संग आठवतात? (हा 'त्संग'ही इंग्रजीच्या जुन्या लेखनपद्धतीचा प्रताप.) त्यांचं घरचं आडनाव छन होतं. संन्यास घेण्याआधीचं नाव छन यी. त्यांच्या चरित्रात लिहिलंय की ते हान काळातल्या एका छन परगणाधिकाऱ्याच्या वंशातले. हा अधिकारी छन श, जन्म इ.स. 104. घरात शिरलेला चोर तुळईवर दबा धरून बसलाय हे त्याने पाहिलं आणि मुलांना बोलावून उपदेश केला, "माणूस जन्मतः वाईट नसतो, सवयीने होतो, हे वर बसलेले सद्गृहस्थ पाहा." तेव्हापासून चिनीत चोराला 'तुळईवरचे सद्गृहस्थ' म्हणतात.

तर हे छन महाशय, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या तोंडचं 'डिन्', इ.स. 641च्या सुमाराला दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आले. उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं त्यांनी आपल्याबद्दल लिहिलं, ते सगळे अभिमानाने सांगतात. देशाचं नाव त्यांनी कसं लिहिलं ते मात्र कोणी बघत नाही. चार अक्षरं. आजच्या पेइचिंगच्या उच्चाराने ती वाचली की 'मो-ह-ला-छा' असं काहीतरी होतं आणि व्याख्याते सभेत हसू पिकवतात. पण थांग काळच्या उच्चाराने वाचा: मा-हा-लाट्-ठा. तिसऱ्या अक्षराच्या शेवटी तेव्हा 'त्' होता आणि चौथं अक्षर ठकाराच्या खान्यातलं. या नावातला ठ पुढे उत्तर चीनमध्ये ज्या वाटेने छ झाला, त्याच वाटेने त्यांच्या आडनावातला ड छ झाला.

इतिहासाची पुस्तकं याचं लगेच संस्कृतीकरण करून 'महाराष्ट्र' लिहितात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. लाट्-ठा. चिनीत र नव्हता म्हणून ल आला. तो र परत करा. रट्ठ! महारट्ठ! माझं म्हणणं, त्यांच्या कानावर इथे प्राकृतच पडत होतं आणि तेच त्यांनी टिपलं. सौराष्ट्राचं नावही त्यांनी याच दोन अक्षरांनी संपवलं आहे. त्यांच्यासारखा पाणिनी घोटलेला माणूस संस्कृत रूपच लिहील, आणि तिसऱ्या अक्षराच्या शेवटचा 'त्' 'ष्'साठी असेल, असा आक्षेप यावर घेतात. घ्या. 'राष्'मधल्या दीर्घ आकारासाठी बंद, आखूड अक्षर का निवडलं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

असो. तुमचा प्रश्न सिंगापूरचा होता.

तिथले तान बहुतेक फूच्येनच्या दक्षिणेकडून गेलेले. त्या भागात एक दंतकथा आहे की 7व्या शतकात हनानमधून फौज घेऊन आलेल्या छन य्वान-क्वांग या सेनापतीमुळे (चांगचौचा संस्थापक, 686) हे आडनाव तिथे पसरलं आणि हा उच्चारही त्याच्याच सैनिकांचा. आडनावाचं ठीक. उच्चाराचं नाही: हनानचे ते सैनिक तोवर ड-वर पोचले होते, त वर नव्हते. 'त' त्या मातीचा. फूच्येनमध्ये म्हणच आहे, छन आणि लिन मिळून अर्धं जग. त्याच प्रांतात थोडं वर फूचौला गेलात की तान होतो 'तिंग', दक्षिण चीनमधल्या हक्का लोकांत 'छिन', जपानीत 'चिन', कोरियात 'जिन'. व्हिएतनाम तर माझं लाडकं. तिथे 1225 ते 1400 राज्य करणाऱ्या, मंगोलांना तीनदा परतवणाऱ्या घराण्याचं हे आडनाव, पूर्वज फूच्येनचे. लिहितात 'ट्र'ने. सायगावकडचा माणूस ते वाचतो 'टन्', जीभ वळवून, आणि हनोईचा वाचतो 'चन्'. एकाच देशात, एकाच स्पेलिंगमध्ये, आपली सगळी कहाणी.

इंडोनेशियात चिनी वंशाच्या लोकांवर 1966 नंतर स्थानिक धर्तीची नावं घ्यायचा दबाव आला, तेव्हा तान नावांच्या पोटात लपला: तानुविजाया, सुतांतो, हार्तांतो. मात्र क्रांतिकारक तान मलाकामधला 'तान' चिनी नाही, तो सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या उपाधीचा भाग आहे. हा घोळ मी स्वतः एकदा व्याख्यानात घातला होता आणि श्रोत्यांतल्या एका आजोबांनी तिथल्या तिथे कान पकडला.

लिहायचं काय? 'टॅन' नको, 'चॅन' नको, 'चेन' तर अजिबात नको. चेन सोनाराकडे मिळते. ही तिन्ही रोमन अक्षरांची इंग्रजी वाचनं आहेत, आणि दुखणं असं की आपल्याकडे नेमके वर्ण असताना आपण ही वापरतो. सिंगापूरच्या माणसाला 'तान' लिहा. आपला साधा दंत्य त, गाण्यातली तान. त्याच्या आजीला तो तुमच्या बॉसच्या 'टॅन'पेक्षा जास्त आपला वाटेल. तैपेईच्या माणसाला 'छन', स्वर आखूड, 'ए' नाहीच. आणि हाँगकाँगच्या बाईंना 'चन', पण च चाकातला, चहातला नव्हे, जरा फुंकर मारून. हा चाकातला च मराठी माणसाच्या तोंडात इतका सहज बसलेला असताना आपण 'जॅकी चॅन' म्हणत इंग्रजाची नक्कल करतो. (त्या जॅकीचं मूळ घराणं चनही नव्हे. वडील फांग; हाँगकाँगला येताना बदललं.)

एक राहिलं. तुमचा तान खरोखर याच घरचा आहे का ते विचारून घ्या, कारण मुख्य भूमीवरून नव्याने आलेला असेल तर त्याचं रोमन 'तान' वेगळ्याच आडनावाचं असू शकतं, ज्याला हाँगकाँगात 'थाम' म्हणतात. चिनी माणूस आडनाव सांगताना अक्षर फोडून सांगतो. 'कान-पूर्व' म्हणाला तर तो छन, तुमच्या बाकी दोघांचा भाऊबंद. 'वाणी-पश्चिम-पहाट' म्हणाला तर दुसरा.