तापीकाठचं थाळनेर : राजधानी होती, आता पडका किल्ला उरलाय

खान्देशात नदीकाठी भरभराटीला येऊन पुढे उजाड झालेलं गाव आहे का, असं तुम्ही विचारलंय. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर बघा. माझं आजोळ तिथलं, लता मंगेशकरांचंही तिथलंच. गाव मात्र नांदतं आहे, त्याला भुताचं गाव कुणी म्हटलं की मला लागतं. ओस पडलाय तो किल्ला.

१३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेरची जहागिरी दिली आणि इथूनच खान्देशचं फारुकी राज्य उभं राहिलं. मलिक राजा १३९९ मध्ये वारला, त्याची कबर इथेच आहे. त्याच्या मुलाने, नासिरखानाने, वर तापीवरच बुऱ्हाणपूर वसवलं. थाळनेर धाकट्या भावाच्या वाट्याला आलं होतं, तेही त्याने १४१७ मध्ये माळव्याची मदत घेऊन हिसकावलं. पण राजधानी झाली ती बुऱ्हाणपूर. माझ्या मते उतरण तिथेच लागली. पुढे सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्यामुळे राबता टिकून राहिला, एवढंच.

मग २७ फेब्रुवारी १८१८. मंदसोरच्या तहाने होळकरांनी खान्देश इंग्रजांना दिला होता, तरी किल्ला सहज हाती आला नाही. दरवाजात चकमक उडाली, दोन इंग्रज अधिकारी पडले. त्यावर आतल्या सुमारे ३०० शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिली. लहानपणी तिथे खेळताना हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

१९०० च्या सुमारास सुरतहून रेल्वे आली ती तापीच्या दक्षिणेकडून, नंदुरबार-अमळनेरमार्गे. मुंबई-आग्रा रस्ता शिरपूरवरून गेला. थाळनेर दोन्हींच्या मधे राहून गेलं.

उरलेलं काम नदीचं. विटांचा तट थेट पात्रावर उभा आहे. खाली उभं राहून वर पाहिलं की कापलेल्या दरडीत विटा, खापऱ्या, राख यांचे थर दिसतात. एका पावसाळ्यानंतर आम्ही गेलो, तर आदल्या वर्षी बसलो होतो तो कोपराच नव्हता. आजी म्हणाली, “तापीमाय लई गयी.”

जाणार असाल तर फारुकींच्या कबरी आधी बघा. त्यातल्या अष्टकोनी इमारतीवरचं दगडी कोरीवकाम हात लावून बघावं असं आहे. तटाच्या कडेला मात्र जाऊ नका, माती भुसभुशीत आहे.