जादा दिवे लावताय? आधी वायरिंग बघा

अरे, इंदूरहून पुण्याला रात्री निघायचं म्हणून गाडीला जादा दिवे घेतलेस, छान. पण हेडलाइटच्या वायरीला जोड मारून ते पेटवू नकोस. मी तेच केलं होतं. सेंधव्यापुढे बिजासन घाटात जळका वास आला, बॉनेट उघडलं तर वायरीचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं.

हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर. हेडलाइटच्या वायरीला एवढा जादा भार झेपत नाही, म्हणून रिले हवाच, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ३० नंबरची पिन बॅटरीला, ८७ दिव्यांना, ८६ हाय बीमच्या वायरीला, ८५ डॅशबोर्डवरच्या स्विचमधून अर्थला (गाडीच्या लोखंडी बॉडीला). म्हणजे समोरच्यासाठी लो बीम केला की जादा दिवेही आपोआप विझतात. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीला अगदी खेटून बसव. वायर अडीच स्क्वेअर एमएमची घे, दुकानदार बारीक गळ्यात मारतो. अर्थची जागा रंग खरवडून स्वच्छ कर. मिणमिणत्या दिव्यांचं मूळ बहुतेक तिथेच असतं.

एलईडी घेतलेस तर करंट कमी लागतो, पण पांढराशुभ्र प्रकाश धुक्यात उलटा डोळ्यांवर येतो. धुक्यासाठी पिवळे, रुंद पसरणारे, बंपरच्या खाली. रोख भिंतीसमोर बघूनच बोल्ट आवळ, आणि तेही गाडीत सामान भरल्यावर. मागची बाजू दबली की दिवे आकाशाकडे बघतात.