थॅडियस स्टीव्हन्स कोण होता? लिंकनच्या काळात त्याचं एवढं नाव का घेतात?

लिंकन आणि गुलामगिरीबद्दल बाकीचे लिहितीलच, मी पटकन उरकते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला वकील, जन्म 1792 चा, काँग्रेसमध्ये म्हणजे तिथल्या संसदेत निवडून गेला, यादवी युद्धाच्या काळात पैशाच्या नाड्या हातात असलेल्या कमिटीचा चेअरमन, आणि तेराव्या-चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी (गुलामगिरी बंद करणारी आणि सगळ्यांना समान नागरिकत्व देणारी) शेवटपर्यंत भांडला. 1868 ला गेला. परीक्षेसाठी हवं असेल तर एवढं पुरे.

पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम 1835 चं. आदल्या वर्षी पेनसिल्व्हेनियात टॅक्समधून चालणाऱ्या फुकट शाळांचा कायदा झाला आणि लोक असे खवळले की राज्याच्या सिनेटने तो रद्द करायचं ठरवूनही टाकलं. त्याआधी गरिबाच्या पोराला फुकट शिकायचं तर आईबापांनी आधी आपण कंगाल आहोत असं लिहून द्यायचं! स्टीव्हन्सच्या स्वतःच्या मतदारांनाही हा कायदा नको होता, तरी 11 एप्रिलला तो हाउसमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहात, उभा राहिला आणि त्याच्या भाषणाने कायदा वाचला. एकट्या आईने काबाडकष्ट करून शिकवलेला, जन्मतः पाय अधू असलेला माणूस तो, त्याला हे कळणारच.

मी लँकेस्टरजवळ राहते, त्याच्याच गावाजवळ. उन्हाळ्यात स्कूल टॅक्सचं बिल आलं की आमच्या मराठी मंडळींत रडगाणं सुरू होतं. एकदा एका काकांनी जेवणाच्या टेबलावर श्रीखंडाच्या भांड्याशेजारी ते बिल आपटलं, म्हणाले माझी दोन्ही पोरं शिकून कॅलिफोर्नियाला गेली, आता मी कुणाची पोरं शिकवू? मी विचारलं काका तुम्ही कुठे शिकलात, तर नगरपालिकेच्या शाळेत, आणि पुढे कॉलेजला ईबीसीच्या फीमाफीवर. मग तुमची फी कुणी भरली? तर म्हणे तिकडचं वेगळं. काय वेगळं? माझे बाबा झेडपीचे मास्तर, कांदे काढायला गेलेली पोरं शेतातून शाळेत घेऊन यायचे, त्या पोरांचे पैसे पण कुणीतरी अनोळखी माणसानेच भरले ना. स्टीव्हन्सने हेच सुनावलं होतं, की गुन्हेगारांना पोसायचा टॅक्स तुम्ही खुशाल भरता आणि माणूस गुन्हेगार होऊ नये म्हणून जो टॅक्स आहे त्याच्या नावाने बोंबलता. काका त्या दिवशी विषय बदलून मोकळे झाले, उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

हां, मूळ कायदा त्याने आणला नव्हता, सही करणारा गव्हर्नर जॉर्ज वुल्फ तर विरोधी पक्षाचा. आणि 1821 मध्ये याच माणसाने मालकाचं वकीलपत्र घेऊन चॅरिटी बटलर नावाच्या बाईला मुलांसकट गुलामगिरीत परत पाठवणारी केस जिंकली होती, पुढे त्याने पळून आलेल्या गुलामांच्या केसेस लढल्या हे खरं, पण म्हणून हे झाकायचं नाही.

आणि टॅक्स जास्तच वाटत असेल तर स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जा, ती सगळ्यांना खुली असते, तिथे बजेटवर बोला.