चार पानांतली एक ओळ

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्ह्यातला. मुलगी २५ वर्षांची, बी.पी.टीएच. झालेली. पुण्यात एका एजन्सीमार्फत पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देते. स्कूटरवर दिवसाला सहा घरं. नातेवाईक विचारतात, 'डॉक्टर होणार होती ना? मग घरोघरी मालिश करत का फिरते?' स्थळं येतात आणि काम कळलं की परत जातात. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी एका पेशंटच्या मुलाने दार लावून घेऊन गैरवर्तन करण्याचा प्रयत्न केला म्हणून ती केस सोडून आली, तर एजन्सीने त्याचेही पैसे कापले. तिने हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये एम.बी.ए. करावं, एम.पी.एस.सी. द्यावी की अमेरिकेला जावं? गौरी-गणपतीला ती घरी येईल, तेव्हा निर्णय घ्यायचा आहे.

गुरुजी, नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर त्याचा गोषवारा दिलाय. पहिलं पान भावकी काय म्हणते याचं, दुसरं स्थळांचं, तिसऱ्या-चौथ्यावर एम.बी.ए.च्या फीचा हिशेब. दार लावून घेतल्याची हकिगत एका ओळीत आहे, आणि ती ओळही पैशांवर येऊन संपते.

मी ती ओळ तीनदा वाचली. तुमची मुलगी त्या घरातून बाहेर कशी पडली, तिने कुणाला फोन केला, दुसऱ्या दिवशी पुढच्या पेशंटची बेल वाजवताना तिला काय वाटलं, यातलं पत्रात काही नाही. तुम्हाला लिहवलं नसेल. मुलीच्या बाबतीत असलं काही कागदावर उतरवताना बापाचा हात थांबतो, हे मी समजू शकते. पण 'कोणता कोर्स' हा प्रश्न त्या ओळीवर पांघरूण घालायला पुढे आलाय, असं मला वाटलं. त्या माणसाचं वागणं आणि भावकीचे टोमणे तुम्ही एकाच गाठोड्यात बांधलेत, आणि गाठोडं मुलीच्या डोक्यावर दिलंत. चूक दुसऱ्याची आणि करिअर बदलायचं हिने?

तुमचे तीन पर्याय आधी उरकते. हॉस्पिटलच्या कारभाराची मनापासून आवड असेल तर एम.बी.ए. चांगलं, पळवाट म्हणून महागडं. एम.पी.एस.सी.ला बसणारे किती आणि लागणारे किती, हे शिक्षक म्हणून तुम्ही गावात पाहिलंच असेल. अमेरिकेसाठी पदवीचं मूल्यमापन करून घेऊन एनपीटीई ही फिजिओंची परवाना-परीक्षा द्यावी लागते, आणि गंमत म्हणजे तिथेही अनेक फिजिओ पेशंटच्या घरीच जातात. त्याचे पैसे मेडिकेअर, म्हणजे तिथली मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना, देते म्हणून तिथे कुणी नाक मुरडत नाही, एवढाच फरक. तिच्याच विषयात पुढे शिकायचं असेल तर एम.पी.टीएच. ही पदव्युत्तर पदवी आहे, ते तुमच्या यादीत नाही याचं मला नवल वाटलं.

आता 'मालिश'. हा गैरसमज भावकीचा आहे असं तुम्ही लिहिता, पण तुमचाही तो थोडा आहे, नाहीतर इतका झोंबला नसता. गुडघा बदलून घरी आलेल्या आजोबांची पोटरी सुजली आहे, हाताला गरम लागते, दुखते. घरचे म्हणतात, 'जरा चोळून द्या की.' तिथे चोळायचं नसतं. आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटली तर फुप्फुसात जाऊन बसते. व्यायाम थांबवून लगेच सर्जनला फोन करायचा, हे त्या क्षणी त्या खोलीत फक्त तुमच्या मुलीला कळत असतं. हॉस्पिटलमध्ये शेजारच्या वॉर्डात सीनियर असतो, घरी ती एकटीच असते. पॅरालिसिसच्या पेशंटला उठवताना घरातले लुळा हात धरून ओढतात आणि खांदा कायमचा दुखावून ठेवतात. ब्युरोकडून पेशंटच्या देखभालीला आलेल्या मावशींना नीट उठवायला शिकवायचं कामही तिचंच. खुबा बदललेल्या आजी देवापुढे मांडी घालूनच बसायचं म्हणतात. हॉस्पिटल डिस्चार्ज कार्डावर 'खाली बसू नये' एवढं लिहून मोकळं होतं. घरी गेलेली फिजिओ देवघर टेबलावर घ्यायला लावते, बाथरूमच्या उंबऱ्यापाशी धरायला दांडी बसवून घेते. ज्याला तुम्ही कमीपणा समजता, त्याला मी जास्त जबाबदारीचं काम म्हणते.

म्हणूनच तिलाही एक टोचणारी गोष्ट सांगते. पदवी हातात पडल्यावर ती थेट घरोघरी जायला लागली असेल, तर घाई केली. दोन वर्षं हॉस्पिटलात ऑर्थो आणि न्यूरोच्या पेशंटवर हात बसायला हवा, चुकलं तर टोकणारं कुणी हवं. आणि दिवसाला सहा घरं जास्त होतात. पुण्याच्या रहदारीत सहा घरं करणाऱ्या मुलीला नोंदी लिहायला वेळ कधी मिळतो? पहिल्या दिवशी गुडघा किती वाकत होता, आज किती वाकतो, व्यायामाआधी बी.पी. किती होतं, हे लिहिलेलं नसेल तर उद्या पेशंट पडल्यावर 'तुमच्यामुळेच पडला' या आरोपाला तिच्याकडे उत्तर नाही. नोंदी ठेवल्या की सिटिंग, म्हणजे उपचाराच्या भेटी, कधी थांबवायच्या हेही कळतं. पेशंट चालायला लागल्यावरही महिनाभर सिटिंग लांबवणाऱ्या एजन्सी आहेत. सगळीकडे असतात म्हणा. अमेरिकेत मेडिकेअरला घरच्या उपचारांचे पैसे थेरपीच्या सिटिंग मोजून ठरवणं जानेवारी २०२० पासून बंद करावं लागलं, ते उगाच नाही.

'डॉक्टर होणार होती ना' याचं उत्तर देत बसू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओंनी नावामागे 'डॉ.' लावू नये असं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. दिल्लीचं जिथे ठरत नाही, तिथे तुमच्या चुलतभावाचं कशाला मनावर घेता? राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडची तिची नोंदणी चालू आहे ना, तेवढं विचारा. तिच्या व्यवसायाला अर्थ त्या नोंदणीने आहे.

आता एजन्सी. पैसे कापण्यावर तुम्ही चिडलात, ते योग्यच. पण त्याहून मोठा प्रश्न असा की तिने घडलेला प्रकार कळवल्यावर त्यांनी काय केलं? त्याच घरी दुसरी मुलगी पाठवली का? बहुतेक एजन्सी सांगतात, 'तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, फ्रीलान्सर आहात.' कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा असं म्हणू देत नाही. त्यात कर्मचारी या शब्दात रोजंदारीवरची, तात्पुरती, मध्यस्थामार्फत लावलेलीसुद्धा येते. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा म्हणजे कामाचं ठिकाण, आणि राहतं घरही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. कामाच्या ठिकाणी संबंध येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षितता देणं ही मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. त्या माणसाविरुद्ध पोलिसांत जायचं की नाही, हे तिने ठरवायचं. तुम्ही 'आपली अब्रू' म्हणून अडवू नका आणि रागाच्या भरात ढकलूही नका.

पुढे हेच काम करायचं असेल तर काही गोष्टी तिने पक्क्या धराव्यात. पहिल्या भेटीला घरातली एखादी बाई किंवा मावशी हजर असल्याशिवाय आत जायचं नाही. सिटिंग चालू असताना खोलीचं दार उघडं. 'माझीही पाठ दुखते, बघा ना' म्हणणाऱ्या घरच्या माणसाला 'दवाखान्यात या' एवढंच उत्तर. कुठल्या वेळी कुठल्या घरी आहे, हे मैत्रिणीला रोज कळवलेलं. आणि घर असुरक्षित वाटलं म्हणून सोडल्यास पैसे कापणार नाही, हे एजन्सीकडून लेखी. देत नसतील तर ती एजन्सी सोडायची, काम सोडायची गरज नाही. एजन्सी पेशंटकडून किती घेते आणि तिच्या हातात किती ठेवते, हे तिला माहीत आहे का, तेही विचारा. स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली तर पेशंट पाठवायचा कट, म्हणजे कमिशन, मागणारे भेटतील. त्याविरुद्ध आपल्या राज्यात २०१७ साली विधेयकाचा मसुदा झाला होता, तो तिथेच राहिला. नाही म्हणायची तयारी तिला आधीच करावी लागेल.

स्थळांबद्दल मी काही लिहिणार नाही. काम कळल्यावर परत गेलेली माणसं गेली, बरं झालं.

गौरी-गणपतीला निर्णय घ्यायचा म्हणता. गुरुजी, गौरी जेवायच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, त्या गर्दीत ही मुलगी तोंड उघडणार नाही. त्याआधी तुम्हीच पुण्याला जा. एकटे जा, कोर्सची माहितीपत्रकं घरी ठेवा, आणि त्या दिवसाचं तिला पहिल्यापासून सांगू द्या. समितीकडे तक्रार करायला घटनेपासून तीन महिने मिळतात. उशीर झाल्यास समिती मुदत वाढवून देऊ शकते, पण उशिराचं कारण पटवावं लागतं. तुमची मुलगी त्या घरातून निघाली तो दिवस आषाढीच्या दुसऱ्या दिवसाचा. दसऱ्याच्या आसपास तीन महिने भरतात.