वडील निवडता येतात का?

पेडण्याच्या एका स्नेह्यांचा प्रश्न आहे. कोल्हापूरकडच्या एका खेड्यातल्या प्रेस्बिटेरियन चर्चचा जुना मराठी वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. त्यात 'मंडळीने या वर्षी दोन वडील निवडले' असं वाक्य आहे. 'मंडळींनी' हवं ना, आणि वडील कधी कुणी निवडतं का?

वाक्य ठीकच आहे. आपण 'घरची मंडळी जेवायला बसली आहेत' म्हणतो, तिथे मंडळी अनेकवचनी. पण ख्रिस्ती मराठीत 'मंडळी' ही एक संस्था आहे, चर्चच्या सभासदांची, स्त्रीलिंगी, एकवचनी; अनेक असल्या की 'मंडळ्या'. १८८० सालची किर्लोस्कर नाटक मंडळी आठवा, व्याकरण तेच. ('आमची मंडळी माहेरी गेलीय' ही तिसरी मंडळी, तिचा इथे संबंध नाही.)

बायबलच्या भाषांतरकारांनी हा शब्द निवडला, त्यात मला त्यांची हुशारी दिसते. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमवलेली नागरिकांची सभा. त्यात इमारत कुठेच नाही. गंमत अशी की हाच शब्द लॅटिन, मग पोर्तुगीज असा झिजत आपल्याकडे गोव्यात 'इगर्ज', म्हणजे चर्चची इमारत, होऊन आला. शेजारीण रविवारी सकाळी 'इगर्जेंत वेतां' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे पांढरी भिंत आणि घंटा असते. शब्दाच्या पोटात मात्र माणसं आहेत. 'चर्च'चा प्रवास नेमका उलटा: मुळात 'प्रभूचं' घर, आणि आज माणसांनाही तोच शब्द. आपल्या 'फिर्गज' (एका इगर्जेखालचा परिसर) या शब्दातही इगर्ज लपलेली आहे. हा शब्द पोर्तुगीज 'फ्रेगेश'च्या घराण्यातला, आणि फ्रेगेश म्हणजे मुळात 'एक्लेसियाचा पुत्र'. आज तिकडे दुकानातल्या गिऱ्हाइकालाही फ्रेगेशच म्हणतात!

आता वडील. ग्रीक 'प्रेस्बितेरोस' म्हणजे वयाने मोठा, 'वडील भाऊ' मधला वडील. प्रेस्बिटेरियन हे नावच त्यावरून पडलं. या पंथात बिशप नाही. मंडळीचे सभासद आपल्यातूनच वडील निवडतात आणि पाळकाबरोबर, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूबरोबर, तेच कारभार पाहतात. त्याच ग्रीक शब्दाचं इंग्रजीत झिजून 'प्रीस्ट' झालं, म्हणजे आपला पाद्री. एका शब्दाची दोन मुलं, एक वेदीपाशी, दुसरा बैठकीत हिशेब तपासणारा. गोव्यात समजावून सांगायचं तर देवस्थानची कमिटी डोळ्यांपुढे आणा: महाजन, म्हणजे देवस्थानचे वंशपरंपरागत सभासद, मतं देतात, कमिटी निवडून येते. फरक इतकाच की महाजन जन्माने होतो, मंडळीचा सभासद तसा होत नाही.

हे मराठी फार लांबचंही नाही. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली आले, १८७० मध्ये काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, आणि त्या मिशनचं ठाणं गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोल नदीपलीकडे वेंगुर्ल्यातही होतं. तिथेच मिशनच्या डॉक्टरच्या घरी १९१९ मध्ये जन्मलेले रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि भारतातले अमेरिकेचे राजदूत झाले.

म्हणून स्नेह्यांना सुचवणं एवढंच, की वृत्तांत कुणाला वाचून दाखवताना 'मंडळी'ची 'फिर्गज' करू नका. फिर्गजेला हद्द असते, अमुक वाडा या इगर्जेचा, तमुक त्या. मंडळी सभासदांच्या यादीने ठरते. आणि 'वडील'च्या जागी 'ज्येष्ठ नागरिक' तर नकोच. शब्द वयाचा असला तरी पद वयाचं नाही. तिशीतला माणूसही मंडळीचा वडील होऊ शकतो, त्याचे स्वतःचे वडील मागच्या बाकावर बसलेले असताना.