अनंताची पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात: इंदूरच्या काळ्या मातीत काय करावं?

या आठवड्यात दोन पत्रं एकाच झाडाबद्दल आली. राऊच्या ताई लिहितात, "अंगणातल्या अनंताची कोवळी पानं पिवळी पडतात. शेणखत, राख, अंड्याची टरफलं, सगळं घालून झालं. कळ्या धरतात पण उमलण्याआधीच गळतात." सांवेरकडचे एक शेतकरी दादा विचारतात, "गणपती-गौरींसाठी फुलं विकायला अर्धा बिघा अनंत लावू का?"

ताई, आधी राख आणि टरफलं बंद करा. तुम्ही प्रेमानं घातलंत, पण त्यानंच दुखणं वाढलं. अनंत, म्हणजे इथल्या माळ्यांचा गंधराज, मूळचा चीन-जपानकडचा. त्याला आंबट माती लागते, सामू (पीएच, सातच्या खाली म्हणजे आंबट) 5 ते 6 च्या आसपास. मालव्याची काळी माती बेसाल्टच्या दगडातून झालेली, तिचा सामू बहुधा साडेसातच्या वर आणि पोटात चुनखडी. खात्री करायची तर चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की चुना आहे. राख आणि टरफलं त्यात आणखी भर घालतात.

अशा मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे सरकत नाही, म्हणून शेंड्याची पानं आधी पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर ती नत्राची भूक, तिचा उपाय वेगळा.

तात्पुरता उपाय फवारणीचा. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, संध्याकाळी, दहा-बारा दिवसांनी असं दोन-तीनदा. द्रावण ताजंच वापरा, तपकिरी झालं तर टाकून द्या. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. मातीत द्यायचं तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट घ्या, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह. दुकानदार स्वस्तातलं ईडीटीए पुढे करेल, पण चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही.

खरा इलाज जागा बदलण्याचा. जमिनीतली चुनखडी गंधकानं मारत बसू नका, ती संपत नाही. पावसाळा लागला की झाड मुळांच्या गड्ड्यासकट उचलून मोठ्या कुंडीत घ्या. कुंडीत लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट भरा, तळाला पाणी निघायला वाट हवीच. काळ्या मातीत पाऊसभर पाणी साचून मुळं कुजतात, तेही यानं टळेल. बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरत असेल तर छतावरचं पावसाचं पाणी साठवून अनंताला द्या. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट चिमूटभर.

कळ्यांचं म्हणाल तर अनंताला गार रात्री आवडतात. शब-ए-मालवा, म्हणजे मालव्याची गार रात्र म्हणतात, तशी रात्र मार्चपर्यंत मिळते. एप्रिल-मेमध्ये रात्रही तापते आणि दुपारची लू कळ्या झडवते. सकाळचं ऊन लागेल आणि दुपारी सावली येईल, अशा पूर्वेच्या भिंतीशी कुंडी ठेवा. माती कधी कोरडी ठणठणीत, कधी चिखल, असं होऊ देऊ नका. कळ्या असताना कुंडी हलवू नका. छाटणी बहर संपताच करा. उशिरा कात्री लावलीत तर पुढच्या बहराचे शेंडेच जातील. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरला 5 मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून.

दादा, तुम्हाला स्पष्ट सांगतो, अर्धा बिघा अनंत लावू नका. ज्या मातीला तो नको, तिथे दरवर्षी लोह विकत घेत बसाल. गौरी-गणपतीसाठी तगर लावा, पांढरी, सदाहरित, आणि आपल्या मातीत कुरकुर न करणारी. सऱ्या काढून गादीवाफ्यावरच लावा. बांधावर कण्हेर लावण्याचा विचार असेल तर गाई-म्हशी जिथे जातात तिथे नको, तिची पानं विषारी असतात. अनंताची हौसच असेल तर चार कुंड्या दारात ठेवा. दोन उन्हाळे त्या कशा निघतात ते पाहून मला कळवा.